तांब्याचा टोप

तांबटाच्या बायकोला सगळी मंडळी वहिनी म्हणत, आणि वहिनी भित्री म्हणून प्रसिद्ध होती. नुसती पाल दिसली तरी तिचा जीव खालीवर व्हायचा. तारमास्तर दर महिन्याला विज्ञानकथांचं मासिक घेऊन दुकानात आले की ती आधी ते पालथं ठेवायची, कारण मुखपृष्ठावर हमखास काहीतरी भयंकर असायचं. कधी शहरावर चाल करून आलेले लोखंडी कोळी, तर कधी बरणीत ठेवलेलं, डोळे टक्क उघडे असलेलं माणसाचं डोकं.

पण वाचून दाखवायचं काम मात्र तिचंच. तांबटाला अक्षर लावत लावत वाचावं लागे, आणि हिचं वाचन खणखणीत. एका हाताने भाता ओढायचा, दुसऱ्याने पानं उलटायची. गोष्टीत घाबरण्याची जागा आली की तिचा भाता आपोआप जोरात चाले आणि तांबट ओरडे, "अगं, हळू! राक्षस कागदावर आहे, भट्टी मात्र खरी आहे!"

तो काळच तसा होता. रेडिओ नुकताच आला होता आणि उद्या माणूस चंद्रावर जाणार असं कुणी म्हटलं, तर लोक फक्त "सकाळी की संध्याकाळी?" एवढंच विचारायचे. तारमास्तर, औषधांच्या दुकानातला कंपाउंडर आणि आणखी दोघंतिघं सुटीच्या दिवशी तांबटाकडे जमत. संपादकांच्या चुका काढणारी लांबलचक पत्रं लिहीत. एखादं पत्र छापून आलं की कंपाउंडर तो अंक आठवडाभर काखेत घेऊन हिंडायचा.

मग समुद्राच्या तळाशी वसलेल्या शहराची क्रमशः गोष्ट सुरू झाली. पाणबुड्याच्या डोक्यावरचा टोप कसा असतो, खालून उघडा असला तरी आत हवा कशी कोंडून राहते, हे वहिनीने वाचलं आणि मागे हातोड्याचा आवाज थांबला.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची वेळ आली तेव्हा तिला कळून चुकलं की पानं फाडून चुलीत घातली तरी आता उपयोग नाही.

पाणी तापवायच्या जुन्या बंबाचा तांबटाने टोप केला. समोर जाड काच बसवली, खांद्यांवर नीट बसेल अशी कड वळवली, वर रबरी नळी जोडली. कमरेला बांधायला शिशाच्या पिशव्या. वहिनीच्या सासूबाई दारातून बघून म्हणाल्या, "इतकी वर्षं त्या बंबात पाणी होतं, बाहेर माणूस होता. आता उलटं करायचं म्हणे!"

अंगणातल्या हौदात चाचणी झाली. मोटारीच्या चाकात हवा भरायचा मोठा हातपंप कंपाउंडरने चालवला, पण त्याचं सगळं उत्साहाचं काम. मध्येच धाडधाड, मध्येच खोळंबा. तांबट खोकत वर आला.

"पंपावर ही बसेल," तो म्हणाला. "हिच्या हाताला भात्याची लय आहे."

"मी नाही," वहिनी म्हणाली. "तुमचा जीव माझ्या हातात देऊ नका."

"मग कुणाच्या देऊ?"

वहिनीने पंप स्वतःकडे ओढून घेतला.

गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. पाणी भरून तिचं तळं झालं होतं. तिथे ठरलेल्या दिवशी बघ्यांची ही गर्दी! कंपाउंडर जणू स्वतःच उतरणार अशा थाटात लोकांना माहिती देत होता. ऊन चांगलंच तापलं होतं. वहिनी काठावर पंपापाशी बसली आणि तिने काळ्या पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, पण नजर तिथेच जात होती. तांबटाच्या डोक्यावर टोप चढला. काचेआडून त्याचा चेहरा भलत्याच कुणाचा तरी दिसला. मग तो शिडीवरून उतरत गेला. आधी खांदे, मग टोपाचा माथा, मग नुसते बुडबुडे.

तिने दांडा दाबला, वर ओढला, दाबला. बुडबुडे येत होते. तारमास्तरांच्या हातात दोर होता. खालून हलका झटका आला की ते म्हणायचे, "ठीक आहे." 

असा बराच वेळ गेला आणि एकाएकी दांडा हलका झाला.

लोण्यात सुरी जावी तसा तो खाली गेला. काहीच अडलं नाही. भात्याची फट सुटली की हाताला आधी कळतं, कानाला नंतर. पंप हवा ढकलतच नव्हता. उलट नळीतून बारीक सुस्कारा ऐकू आला. खालची हवा वर परत येत होती! म्हणजे टोपात पाणी चढत होतं.

"ओढा त्यांना!" ती किंचाळली.

तारमास्तरांनी दोर खेचला. दोर ताठ झाला, पण जागचा हलला नाही. "अडकलाय! कपारीत कुठेतरी अडकलाय!"

काठावर एकच गलका झाला. कुणी उडी मारा म्हणत होतं, कुणी मारू नका म्हणत होतं. कंपाउंडर गर्दीत मागे सरकला.  पळून जावं, घरी जाऊन दार लावून घ्यावं, असं वहिनीच्या मनात आलं. खरंच आलं. आणि ते येत असतानाच तिचे हात पंपाचं झाकण फिरवत होते.

तिने दांडा बाहेर उपसला. टोकाचं, हवा कोंडून धरणारं चामड्याचं वायसर उन्हाने वाळून दुमडलं होतं. ते सरळ केलं, पण कोरडं चामडं पुन्हा वळत होतं. तेल हवं होतं आणि तेलाची बुधली घरी, भट्टीपाशी. तिने अंबाडा सोडला आणि ते वायसर आपल्या तेल लावलेल्या केसांत खसाखसा घासलं. मग दांडा आत, झाकण गच्च, आणि दाबला.

अडला. देवा, हवेला अडला!

ती दाबत राहिली. तोंडाने काय बोलत होती तिला कळत नव्हतं. आजूबाजूच्यांनी नंतर सांगितलं की ती कंपाउंडरला शिव्या घालत होती. पाणी तसंच काळं, सपाट. मग एक बुडबुडा फुटला, त्यामागे पुष्कळ. थोड्या वेळाने दोर सैल पडला आणि तारमास्तरांनी खेचला तसा टोपाचा माथा वर आला.

काठावर बसून तांबट हसत होता. ओठ निळे पडले होते. "दोर कपारीत गेला होता, मीच सोडवला," तो म्हणाला. "पण काय ते खाली दिसतं! पाणी मध्ये ओठांपर्यंत आलं होतं."

"मग टोप टाकून वर का नाही आलात?" तारमास्तरांनी विचारलं.

"कशाला? पंपावर ही होती. म्हटलं, येईल हवा. ही दांडा सोडणार नाही."

 वहिनीने तर दांडा सोडला होता. सोडला होता म्हणूनच तो वाचला, हे खरं. पण तेवढ्यात पाणी नाकाशी पोचलं असतं तर? 

पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी नीट बोलली नाही. शेवटी तो वैतागला. "तुझ्या मनात आहे तरी काय?"

"मला टोप घालून हौदात बसायचंय. पंप तुम्ही मारा."

त्याला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. पदर खोचून ती हौदात उतरली आणि टोप डोक्यावर आल्यावर तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर हिरवट उजेड होता. हवेचा प्रत्येक झोत कानाशी फुसकारत येत होता. तिला वाटलं होतं, इथे भीतीने प्राण जाईल. गेला नाही. फुसकारा येतोय तोवर आपण आहोत, एवढंच समजत होतं.

ती वर आली तेव्हा तांबट घामाने निथळत होता. पंपाचा दांडा त्याच्या मुठीतून सुटेना.

"मला तू दिसतच नव्हतीस," तो म्हणाला. "नुसते बुडबुडे. तुला हाक मारली, तुला ऐकू गेली नाही."

"नाही गेली."

"मग तिकडे खाणीवर तू..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने टोपात नळीच्या तोंडाशी एक पितळी झडप बसवली. हवा आत जाईल, पण परत येणार नाही अशी. ती नीट चालते याची खात्री होईतो त्याने खाणीचं नावही काढलं नाही. पुढे मंडळी पुष्कळदा तिथे गेली. गावात कुणाचं काही विहिरीत पडलं की तांबटालाच बोलावणं यायचं. पंपावर वहिनीच असायची. निघण्याआधी वायसर ती स्वतः काढून, तेलात बुडवून, उजेडात धरून बघायची आणि तेलाची बुधली सोबत घ्यायची. तिची भीती काही गेली नाही. तो पाण्यात उतरला की तिचे तळहात दर वेळी थंडगार पडत.