शॉकअप कडक की नरम?

मोटारसायकल एक आणि तिच्याबद्दल बोलणारे तीन असले, की किस्से घडवावे लागत नाहीत, आपोआप साचत जातात. आमच्या साताऱ्याच्या घरापुढे तेच झालं. मी फक्त चहा देता देता ऐकायची. कळत किती होतं, ते विचारू नका!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ह्यांनी लष्करी लिलावातून एक जुनी गाडी आणली. सायलेन्सर वर उचलून घेतला, दातेरी टायर चढवले आणि जाहीर केलं, "सांगलीकडच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत आहे. मी उतरणार!" आमची मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती. ती बसती झाली आणि बाप उडायला निघाला! "गाडी पूर्ण तयार झाल्याशिवाय जाणार नाही," एवढं वचन मी घेतलं. तेव्हापासून माझा सगळा जीव ती गाडी तयार न होण्यात!

मदतीला दोघे. शेजारचे सुभेदारकाका, पलटणीत मोटारसायकलवरून डाक पोचवायचे, आता निवृत्त. आणि ह्यांचे मित्र बापू, शिराळ्याकडचे ऊसवाले.

* * *

पहिल्याच रविवारी काकांनी हँडल धरून गाडी पुढून दाबली.

"कडक! शॉकअप न्हाई, दगड हाय ह्यो!"

बापूंनी लगेच दाबून बघितली. "आवं काका, लय नरम हाय. लोणी निस्तं!"

तीच गाडी, तोच क्षण! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिजिक्सची पदवीधर. कॉलेजात स्प्रिंगला वजनं टांगून प्रॅक्टिकल केलेलं. पण त्या स्प्रिंगवर नवरा बसलेला नव्हता.

"दोन्ही असेल," मी म्हणाले.

"बघा, शिकल्याली पोरगी!" काका खूश. बापूही खूश. गाडी होती तशीच राहिली.

* * *

बसणाऱ्याच्या वजनाने गाडी किती दबते, ते बघून मागच्या स्प्रिंगा कमी-जास्त कसतात म्हणे. नेमके त्या दिवशी हे ऑफिसच्या कामाला सांगलीला गेलेले.

"वैनी, सायबांचं वजन किती?" बापूंनी विचारलं.

मुलीचं वजन मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. नवऱ्याचं? मी अंदाजाने काहीतरी ठोकून दिलं. बापूंनी गुऱ्हाळावरून तेवढ्या वजनाच्या गुळाच्या ढेपा आणल्या, सीटवर बांधल्या आणि दिवसभर उन्हात स्प्रिंगा पिळत बसले.

संध्याकाळी हे आले, हौसेने गाडीवर बसले आणि तसेच टुणकन उठले. सीटभर मुंग्या!

काका गंभीरपणे म्हणाले, "गाडी बराबर बसलीया. साहेबच बसंनात!"

* * *

एकदा पुढच्या शॉकअपच्या दोन्ही नळ्यांमधलं ऑइल बदलायचं ठरलं. दोन्हीकडे अगदी सारखं पडायला हवं, नाहीतर गाडी झोल खाते म्हणे. मी आत पोरीचं दूध गार करून बाटली शोधतेय. बाटली कुठेच नाही!

बाहेर आले तर काका तीच बाटली डोळ्यांपुढे धरून उभे. आकडे छापलेलं माप घरात तेवढं एकच!

मी किंचाळलेच. "काका! काय केलंत हे!"

काकांनी हात वर करून मला शांत केलं. "भिऊ नगंस पोरी. गाडीला काय बी हुत न्हाई. बाटली धुऊन घेतली हाय!"

* * *

शर्यत जवळ आली तशी मी काकांना त्यांच्या घरी गाठून विचारलं, "खरं सांगा, ह्यात धोका किती?"

"अजिबात न्हाई! डोंगर, नाले, बरफ... मी एकदाबी पडलो न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "व्हय गं. पडायची ती गाडीच. ह्ये निस्ते तिच्याखाली असायचे!"

* * *

शेवटचा रविवार. काका म्हणाले, अजून कडक आहे. बापू म्हणाले, नरमच आहे. हे वैतागले.

"आता हीच बसून सांगेल. ही म्हणेल ते शेवटचं!"

"बरोबर आहे" म्हटलं तर हे निघाले शर्यतीला. "नाही" म्हटलं तर ह्या वर्षीची शर्यत बुडाली, आणि माझी झोप परत आली. एवढं सोपं! उत्तर तर मी बसण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

पोरीला काकूंकडे दिलं, पदर खोचला आणि मागे बसले. घरामागच्या नांगरटीत गाडी घुसली. मी डोळे घट्ट मिटले. पहिला बांध आला, गाडी वर गेली, मी तिच्याहून वर गेले. डोळे उघडले तर समोर दुसरा बांध!

परत आलो तेव्हा अंबाडा सुटलेला, एक चप्पल रानातच कुठेतरी राहिलेली. काका आणि बापू धावत पुढे आले.

"बोला वैनी! कडक का नरम?"

ह्यांनी मागे वळून पाहिलं. मी उतरले नव्हते.

"अहो, नीटसं कळलं नाही," मी म्हणाले. "अजून एक फेरी मारा. आणि जरा जोरात!"