दहावं विशेषनाम

माझं इंग्रजी चांगलं आहे असं कुणी म्हटलं की मला चीडच येते. त्या हुशारीपायी काय झालं ते मला विचारा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही खोडाळ्याला राहायचो. वडील मोखाड्याला कचेरीत कारकून, शनिवारी घरी यायचे. मी पाचवीत होते. त्या भाद्रपदात आईला मुलगा झाला. त्याच्या आधीच्या दोन भावांची बाराव्या दिवशी थाटात बारशी झाली होती आणि दोघेही महिन्याच्या आत गेले होते. म्हणून या वेळी सुईणीनं निघताना दारातच बजावलं, "भात खायला लागेस्तोवर याला नाव ठेवायचा नाय. मनातसुदिक नाय. कोन विचारल काय झाला, तर सांगायचा, दगड झाला."

आई तसंच सांगायची. शेजारणीनं विचारलं तरी "दगड झाला गं" म्हणायची आणि तोंड फिरवायची. बाळाला नुसतं "अरे" म्हणून घ्यायची. उशाखाली विळा आणि कपाळावर एवढा मोठा काजळाचा ठिपका. घरात सगळे हळू बोलायचे, जसं काही भिंतीपलीकडे कुणी कान लावून बसलं होतं.

शाळेत तेव्हा नाशिककडून बदलून आलेले गुरुजी होते. आमची बोली ऐकून हसायचे, पण शिकवायचे मन लावून. त्यांनी फळ्यावर 'नाउन' लिहिलं आणि खाली प्रकार मांडले. गाव हे कॉमन नाउन, मोखाडा हे प्रॉपर. नदी कॉमन, वैतरणा प्रॉपर. प्रॉपर नाउनचं पहिलं अक्षर नेहमी कॅपिटल. मग हातातला खडू उंच धरून म्हणाले, "जगात प्रत्येकाला नाव असतं. ज्याला नावच नाही, ते आहे हे कुणाला कळणार?"

घरी पाळण्यात एक होता की ज्याला नाव नव्हतं! म्हणजे तो आहे हे कुणालाच कळणार नाही? मग तो राहणार कसा?

घरचा अभ्यास होता, घरातली दहा प्रॉपर नाउन्स. आई, वडील, मी, काका, काकू, त्यांची तीन मुलं, आमची म्हैस, यांची नावं. झाली नऊ. मी मेली मोठी शहाणी ना, मला दहाच्या दहा हवी होती! पण नुसती हाव होती असंही नाही, मला त्याची भीतीही वाटत होती. मी मनाशी एक नाव ठरवलं आणि पहिलं अक्षर चांगलं मोठं काढून लिहून टाकलं. लिहिताना मला फार गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कौतुकानं माझी यादी भर वर्गात मोठ्यानं वाचली. दहावं नाव आलं तशी माझ्या पुढं बसलेली सुईणीची नात मान वळवून बघू लागली. आमच्या घरात त्या नावाचं कुणी नाही हे तिला ठाऊक होतं. शाळा सुटताच ती आजीकडे पळाली.

तिसऱ्या दिवशी बाळाचं अंग तापलं.

मी कणगीमागे बसून थुंकीनं ते अक्षर पुसायला गेले, तर कागदच फाटला. मग पान काढून चुलीत घातलं. सुईण आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "नाव घेतला का कोनी?" तिनं विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. वडील शनिवारी आले आणि ओरडले, "नाव-बिव काही नसतं, ताप आहे तो!" दुपारच्या जीपनं ते आणि आई बाळाला जव्हारला डॉक्टरकडे घेऊन गेले. औषध मिळालं. वडिलांचंच बरोबर होतं, आज मला ते कळतं. पण तेव्हा माझं मन ऐकतंय कुठं?

शाळेत त्याच आठवड्यात गुरुजींनी अॅबस्ट्रॅक्ट नाउन शिकवलं. भीती हे उदाहरण दिलं. हात लावता येत नाही म्हणे! माझ्या पोटात ती कच्च्या भाकरीसारखी बसली होती, बोटानं दाबली असती तर हाताला लागली असती.

बुधवारी मधल्या सुट्टीत काका मला न्यायला आले. त्यांनी नुसता माझा हात धरला. मी समजले. घरी पाळणा आधीच उतरवून ठेवला होता.

दोन महिन्यांनी, नागलीची कणसं खळ्यात आली तेव्हा, आई आणि मी दोघीच सूप घेऊन बसलो होतो. आईनं वर न बघताच विचारलं, "त्या वहीत काय नाव लिहिलं होतंस गं?"

"काही नाही," मी म्हटलं, "मी कुठं नाव ठेवलं?"

तिनं सूप पाखडून रिकामं केलं. मग म्हणाली, "ठेवायला हवं होतंस गं, बाय. जाताना तो माझ्याकडे बघत होता. मला हाक मारायला काहीच नव्हतं."

आई त्यानंतर तीस वर्षं जगली. तिला ते नाव मी कधीच सांगितलं नाही.