पाइपाभोवतीचं कापड

“शेततळ्याचा कागद उरलाय, त्योच गुंडाळा पाइपाला. लई टिकतोय,” गवंडीमामा वडिलांना सांगत होते. महाळुंगे पडवळला आमच्या नव्या घराचा पाया झाला होता. पायापाशी साचणारं पाणी वाहून नेणारा, भोकं पाडलेला पाइप चरात टाकला होता, भोकांत माती जाऊ नये म्हणून त्याला काहीतरी गुंडाळायचं होतं आणि माती लोटायला जेसीबी येऊन उभा होता. प्लास्टिकच्या त्या कागदातून पाइपात पाणी शिरणारच नाही, हे मला कळत होतं, पण चार माणसांत तोंड उघडेना. मी गुपचूप तीन बादल्या मांडल्या. एकीवर कागद बांधला, दुसरीवर कांद्याची गोणी, तिसरीवर कॉलेजच्या लॅबमधून आणलेला, घोंगडीसारखा जाड पांढरा फिल्टरच्या कापडाचा तुकडा. “काय ओ ताई, भातुकली का?” मामा हसले. मी गढूळ पाणी ओतलं. कागदावर तळं साचलं, गोणीतून चिखल तसाच खाली गेला आणि पांढऱ्या तुकड्याखाली जवळजवळ नितळ पाणी ठिबकू लागलं. “आयला!” मामा वाकून बघत राहिले. तेवढ्यात जेसीबी सुरू झाला. आजही मी चारचौघांत फारशी बोलत नाही, पण तेव्हा त्या आवाजाच्या वर ओरडले, “थांबवा! मी उद्या पुण्याहून हे कापड आणते, मगच माती!”