हौदाला लावलेली मोटारीची भट्टी

महायुद्ध संपलं, पेट्रोल पुन्हा मिळू लागलं आणि सांगलीच्या मोटारींच्या पाठीवरच्या कोळशाच्या भट्ट्या उतरल्या. त्यांच्याबरोबर मीही उतरलो. शाळा चौथीतच सुटलेली. कोळसा धुमसवून त्याचा गॅस काढायचा आणि त्यावर मोटार पळवायची, एवढंच मला येत होतं, आणि ते आता कुणाला नको होतं.

हवं झालं ते पाचगणीच्या वाटेवरच्या एका आरामगृहाला. तिथं जखमी शिपाई राहत. आखडलेले पाय पाण्यात चालवावेत म्हणून पोहण्याचा हौद बांधला होता, पण त्या गारठ्यात उतरणार कोण? मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं आणि मोटारीची भट्टी हौदाला लावून दाखव म्हणाले. सोमवारपर्यंत पाणी तापलं तर कायमची नोकरी, नाहीतर सोमवारच्याच गाडीनं परत.

मी कवठे महांकाळकडचा. आमच्याकडं प्यायच्या पाण्याची मारामार, आणि इथं डुंबायचं पाणी तापवायचं. घरी कळवलं तर बायकोनं उलट पत्रात माझी तब्येत विचारली.

तो गॅस बंद जागेत जीव घेतो, म्हणून भट्टी उघड्यावर उभी केली. तिच्यापुढं गॅस गाळायला काथ्याची गाळणी, मग बर्नर, वर तांब्याच्या नळीचं वेटोळं. हातपंपानं हौदातलं पाणी त्यातून फिरवायचं. रोज राख काढायची, काथ्या धुवून वाळवायचा, नळ्यांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून गॅस गळतीचे बुडबुडे बघायचे. मी भित्रा, दिवसातून दहादा साबण लावी. आमच्यापेक्षा भट्टीच जास्त न्हाते, असं शिपाई म्हणत.

सोमवारी सकाळी पाण्यात हात घातला. छान कोमट. पहिला मान शिराळ्याकडच्या सुभेदारांचा. त्यांचा गुडघा दोन महिने वाकत नव्हता. ऐटीत पायऱ्या उतरले आणि कमरेपर्यंत जाऊन थबकले.

"गड्या, वर चैत हाय आन् खाली पुसाचा गारठा. नागपंचमीला नागाला हात लावलाय मी, पण हितं पाय टेकवाय भ्या वाटतंय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या विहिरींच्या तळाशी नुसता गाळ, म्हणून पंपाच्या नळीचं तोंड वरच बांधायची सवय. इथंही मी ते पाण्याखाली वीतभरच बांधलं होतं. हौद सिमेंटचा, घासून धुतलेला, हे ध्यानातच आलं नाही. दोन दिवस मी वरचंच पाणी पुन्हा पुन्हा तापवत होतो. खालच्याला त्याचा पत्ताच नव्हता.

नळी खाली न्यायची तर सगळं विझवून सांधे सोडावे लागणार, आणि डॉक्टरांची मोटार घाटाच्या वळणावर दिसत होती. मी म्हणालो, "आवं सुभेदार, वर या. मी बोचकं बांधतो."

ते काही वर आले नाहीत. "घरी न्हाणीत कढत पाण्यात गार विसण घातल्यावर हात फिरवतुस का न्हाई रं?"

त्यांनी चालू शकणाऱ्या सात जणांना पाण्यात बोलावलं. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांग हौदातच गोल फिरू लागली. पहिल्या फेरीला दात वाजत होते आणि पावलागणिक माझ्या एकेका पूर्वजाचा उद्धार होत होता. चौथ्या फेरीपर्यंत पूर्वज संपले आणि दातही थांबले.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी दोरीला बांधलेला थर्मामीटर तळापर्यंत सोडला, वर ओढला, पण त्यांची नजर सुभेदारांच्या गुडघ्यावर होती. तो थोडासा वाकत होता. ही फेरी कुणी काढली, असं त्यांनी विचारलं.

"भट्टीवाल्यानं, साहेब," सुभेदार पाण्यातूनच म्हणाले. "ढवळल्याबिगर पाणी सारखं हुत न्हाई म्हणं."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी नळीची सगळी चूक सांगून टाकली. डॉक्टर हसले. संध्याकाळी नळी खाली ने, पण फेरी रोजची ठेव, म्हणाले आणि आत गेले.

सुभेदार भट्टीजवळ पाय शेकत बसले. मला धड आभारही मानता येईनात.

"उद्या कवा पेटवतुयास?" त्यांनी विचारलं.

"तांबडं फुटायला," मी म्हणालो, आणि साबणाची वाटी घेऊन सांध्यांकडं गेलो.