हबकाभर पाणी

घावनाचं पीठ ओतण्याआधी आमच्या हिने तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं, वाफ उठली आणि मला मे महिन्यातली धावपट्टी आठवली.

हवाई दलात मी इंजिनं सांभाळायचो. उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते आणि भरलेलं विमान उचलताना इंजिनाचा जोर कमी पडतो. अशा वेळी आम्ही इंजिनात मिथेनॉल मिसळलेलं पाणी सोडायचो. नवीन आलेला हमखास विचारायचा, "विझणार नाही?" विझत नाही. आत जाणारी हवा गार होते, दाट होते आणि इंजिन नव्या जोमाने गर्जतं. पाणी आगीचा वैरी, हे अर्धंच खरं. बेतानं दिलेलं पाणी आगीला बळ देतं.

टेबलाशी आमची मुलगी फणफणत होती. आज कोर्टात तिची पहिली केस. "त्या समोरच्या वकिलाला मी सोडणारच नाही!"

"नको सोडूस," ही म्हणाली. "पण आधी बस, खा. आणि तिथे गेल्यावर त्याचं बोलणं पुरतं ऐकून घे."

मुलगी बसली, खाल्लं, काळा कोट उचलून निघाली. जिन्यावर तिची पावलं ठाम वाजली.

आमचं ते पाणी फक्त उड्डाणापुरतं असायचं. ढगांवर पोचलेल्या विमानात त्याचा थेंबही उरत नसे.

हिने गॅस बंद केला, पाण्याची रिकामी वाटी ओट्यावर उपडी घातली. खिडकीशी जाऊन पाहिलंसुद्धा नाही.