बुटकी आडभिंत

आमच्या गल्लीच्या टोकाला बेकरीवाले काका राहतात. पुढे दुकान, मागे भट्टी, वर एक खोली. काकू होत्या तोवर दुकान त्यांचं आणि भट्टी काकांची. काकू देवाघरी गेल्या, त्याच वर्षी चौकात मोठं दुकान उघडलं आणि काकांचे पाव फळीवर शिळे व्हायला लागले. तसंही एवढा मोठा पाव घेऊन करायचं काय? गल्लीत घरोघरी एकेकटी माणसं उरलीत. माझंच बघा ना. मुलगी सासरी, हे बोटीवर. मी अर्धा पाव खायचे आणि उरलेल्याला बुरशी यायची.

एकदा मी दुकानात गेले, तर काकूंचा भाऊ येऊन बसलेला.

"दाजी, खाणारं कोणी नाही. भट्टी कोणासाठी पेटवताय? मोडून टाका आणि आमच्याकडे राहायला या."

"तुझ्या घरी पहाटे उठून मी काय करू? भांडी वाजवू?"

मेहुणा हसला, पण जाताना म्हणाला, "रविवारनंतर सांगा मला. शेवटचं विचारतोय."

काका चर्चमध्ये अजूनही काकूंची जागा सोडून बसतात. त्या रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणता ते मध्येच थांबले. आम्ही सगळे पुढचं म्हणत गेलो, ते भाकरीच्या ओळीवरच राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ताई, आपण देवाकडे आजच्यापुरतीच भाकर मागतो. आणि मी मात्र एकट्या माणसाला आठवडाभराची विकत बसलोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेहुण्याला "थोडं थांब" असं कळवलं आणि पावाचे साचे पत्रेवाल्याकडे नेले. प्रत्येक साच्यात मधोमध पत्र्याची आडभिंत घालायची, म्हणजे एका साच्यात दोन छोटे पाव. पण पत्रेवाल्याने माप घेतलं ते कच्च्या पिठाचं. भट्टीत पीठ फुगलं, भिंत ओलांडून गेलं आणि दोन्ही पाव वरून एकमेकांना चिकटले. पत्रेवाला ओशाळला. "पीठ एवढं वर येईल हे मला काय ठाऊक? आणा, बदलून देतो."

काका म्हणाले, "राहू दे."

पाव आधीच तोडून ठेवला तर तोडलेली बाजू सुकते. म्हणून दोन गिऱ्हाइकं झाल्याशिवाय काका जोडी तोडत नाहीत.

"बाई, बसा जरा. तुमचा जोडीदार येऊ दे."

"या वयात?" निवृत्त शाळाबाई म्हणाल्या, पण बाकावर टेकल्या. मग बँकेचा पहारेकरी आला. तोही एकटाच असतो. काकांनी पाव हाताने तोडला, एक याला, एक त्यांना. तोवर दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करून घेतली होती.

पाव आता उरत नाहीत. मेहुणा येतो, पण भट्टी मोडायचा विषय काढत नाही.

काल संध्याकाळी मला उशीर झाला. शेवटची जोडी राहिली होती. मी बाकावर बसून राहिले, कोणीच आलं नाही.

"जोडीदार काही येत नाही वाटतं," मी म्हटलं.

"मी आहे की," काका म्हणाले. पाव तोडला, मोठा तुकडा माझ्या पिशवीत घातला आणि शटर ओढलं.

घरी येऊन मी ताट मांडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकांची वरची खोली दिसते. ते मान खाली घालून प्रार्थना करत होते. समोर काकूंची रिकामी खुर्ची, स्वतःच्या ताटात पावाचा दुसरा तुकडा. त्यांची प्रार्थना होईपर्यंत मी थांबले आणि मग घास घेतला.