माशांचं पाणी आणि पोरांचं पाणी

आमच्या भावोजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, पाण्यातलं सगळं कळतं. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात, आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणतात. नोकरी सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर, पंपाच्या खोलीत. तलावाचं पाणी गाळायचं, त्यात क्लोरीन टाकायचं, ते पोरांनी उतरण्यालायक ठेवायचं, एवढंच काम. जीव मात्र घरच्या काचेच्या टाकीत अडकलेला.

टाकीत डिस्कस मासे होते. बशीसारखे गोल, चपटे, अंगावर निळे-तांबडे पट्टे. दिसायला देखणे, खोटं कशाला बोलू? पण नखरे असे, की रुसलेला जावई परवडला. पाणी ऊन हवं, तीस अंशांच्या आसपास. मऊ हवं, म्हणजे क्षार कमी असलेलं. किंचित आंबटाकडे झुकलेलं हवं. क्लोरीन तर नावालाही नको. त्यांची घाण त्यांनाच सोसत नाही, म्हणून पाणी सारखं थोडं थोडं बदलायचं, आणि नवं पाणीही जुन्याइतकंच ऊन असायला हवं.

त्यासाठी न्हाणीघरात एक निळं पिंप आलं. नळाचं पाणी त्यात भरायचं, हवेचे बुडबुडे सोडून दिवसभर मुरवायचं, मग तापवायचं. पिंपातला हीटर चालू असताना अंघोळीच्या पाण्याचा लावला की फ्यूज उडायचा. म्हणून मासे ऊन पाण्यात आणि ताई गार पाण्यात, तीही पिंपाला वळसा घालून. बादल्या वाहायची ताईच. भावोजी छोट्या नळीतल्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून उजेडात रंग बघत उभे.

"ओतू का?" बादली धरून अवघडलेली ताई विचारायची.

"घाई करू नकोस. पाण्याला घाई खपत नाही."

समोरच्या घरातल्या आजोबांनी एका बरणीत गोल्डफिश ठेवला होता. भावोजी त्यांना सरळ खुनी म्हणायचे. जेवताना त्यांचं व्याख्यान चालायचं. एकदा तलावाच्या वासावरून विषय निघाला. "तो नाकात जाणारा वास येतो ना," ते म्हणाले, "लोकांना वाटतं क्लोरीन जास्त झालं. साफ चूक. घाम आणि लघवी यांच्याशी झगडून वाया गेलेल्या क्लोरीनचा वास असतो तो. डोळे त्यानेच चुरचुरतात. वास आला, की समजायचं पाणी घाण आहे."

आणि त्यांच्या तलावाला वास कसा? रस्त्याच्या वळणावरूनच यायचा. पोरं डोळे लालभडक करून बाहेर पडायची. खोल बाजूचा तळ दिसत नव्हता. वाळूचा फिल्टर शेवटचा कधी धुतला होता देव जाणे. क्लोरीन भावोजी प्लास्टिकच्या मगाने अंदाजाने ओतायचे आणि पंपाच्या खोलीत बसून माशांच्या आजारांवरचे व्हिडिओ बघायचे. एखाद्या आईने विचारलंच तर उत्तर तयार: "पोरांना सांगा, डोळे चोळू नका. चोळले की लाल होतात."

माझ्या भाचीला पोहायला शिकायचं होतं. बाप तलावावर असताना तिला एवढं मिळू नये? पण भावोजींकडे दर वेळी नवं कारण. आज पाणी गार आहे. उद्या गर्दी आहे. पुढच्या वर्षी बघू, उंची कमी पडते. तिच्याहून ठेंगणी पोरं तिथे उड्या मारत होती.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मीच तिला घेऊन गेले. घरात कुणाला सांगितलं नाही. काठावरच्या बाकांवर आया बसल्या होत्या. पाण्यात पोरांचा नुसता कल्ला. भाचीने टोपी घातली, चष्मा चढवला आणि पायरीवर पहिलं पाऊल ठेवलं.

तेवढ्यात पंपाच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. भावोजी अनवाणी धावत आले. "थांब! उतरू नकोस! हिला आत सोडू नका!"

पोहण्याच्या शिक्षकाने शिट्टी मारली. पोरं काठाला चिकटून बघायला लागली. भावोजींनी पोरीचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि तिचं भिजलेलं पाऊल आपल्या शर्टाने पुसायला लागले.

बाकावर एक बसची कंडक्टरबाई होती. तिच्या मुलाच्या कानात महिनाभर पू होत होता, तरी आज बरं वाटतंय म्हणून ती त्याला घेऊन आली होती. भरल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचणारा तिचा आवाज.

"ही तुमची मुलगी ना?"

"हो," भावोजी म्हणाले.

"मग तिला का उतरू देत नाही?"

"तिची कातडी जरा नाजूक आहे."

"आणि आमच्या पोरांना काय गेंड्याची आहे?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. भाची मात्र सरळ स्वभावाची. ती म्हणाली, "बाबा, वास आला की पाणी घाण असतं ना? तुम्हीच सांगता."

मग जे व्हायचं ते झालं. आयांनी हाका मारमारून पोरं बाहेर काढली. कंडक्टरबाई सरळ व्यवस्थापकाच्या खोलीत घुसली आणि त्याला हाताला धरून काठावर घेऊन आली. "आता वाकून तळ दाखवा," म्हणाली. त्याला काही तो दिसला नाही. तलाव बंद झाला, पाणी उपसलं गेलं आणि तळाची हिरवी बुळबुळ घासायला इतरांबरोबर भावोजीही गुडघ्यांवर बसले. नोकरी वाचली, पण पंपाच्या खोलीतली खुर्ची गेली.

घरी ताई एवढंच म्हणाली, "मासे तुमचे, बादल्या तुमच्या." घासून घासून मोडलेल्या कमरेने माणूस किती बादल्या वाहील? पाणी बदलायचं राहत गेलं. मासे काळवंडले, पंख आवळून कोपऱ्यात तोंड खुपसून उभे राहायला लागले. एका सकाळी त्यातला एक तरंगताना दिसला. भावोजी त्याच्यापाशी बसून रडले, आणि ताईच्या सांगण्यावरून उरलेले त्यांनी माशांच्या दुकानदाराला देऊन टाकले. दुकानदाराच्या टाकीत ते टवटवीत झाले म्हणे. कंडक्टरबाईच्या मुलाच्या, तलावाच्या पाण्याने बिघडलेल्या कानासाठी मात्र त्यांनी दोन अश्रूही ढाळले नाहीत. ताई एकटी जाऊन त्याला बघून आली.

तलाव पुन्हा सुरू झाला तेव्हा रोज सकाळी काठावर, सगळ्यांसमोर पाणी तपासायचं असा नियम झाला. थेंब टाकायला भावोजीच पुढे. नळी उजेडात धरून नव्या पालकांना ऐटीत सांगतात, "आधी इथलं पाणी बघवत नव्हतं हो. मी स्वतः लक्ष घातलं, तेव्हा कुठे सुधारलं."

आणि बापडे पालक माना डोलावतात.